हरणीचं दारातलं स्वागत: ज्येष्ठ ते दिवाळी

घरी येणाऱ्याच्या अंगावर उडी मारायची आमच्या कुत्रीची, हरणीची, सवय सोडवायचं काम ज्येष्ठात हाती घेतलं होतं, ते दिवाळीच्या तोंडावर बऱ्यापैकी मार्गी लागलं आहे, म्हणून सगळ्या नोंदी एकत्र करून लिहिते. ज्यांच्याकडे कारवानी किंवा मुधोळ जातीचं, म्हणजे सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रं आहे त्यांना विशेष उपयोग होईल.

हरणी सव्वा वर्षाची कारवानी मादी. आमचं घर सांगलीत, बैठं. फाटक, मग व्हरांडा, मग जाळीचं दार आणि आत हॉल. कुणी बाहेरून आलं की ती जाळीवर आदळायची आणि दार उघडताच थेट तोंडाकडे झेप. ही जात मागच्या पायांवर उभी राहिली की पंजे सहज खांद्यावर येतात. माझे सासरे, अण्णा, काठी घेऊन चालतात. त्यांचा तोल जाण्याची भीती होती, म्हणून हे काम टाळण्यासारखं नव्हतंच.

सकाळी मैदानावर भेटणाऱ्या काही जणांचं मत असं, की ती तुमच्यावर मालकी गाजवते, छातीत गुडघा द्या. मला हे साफ अमान्य आहे. पिल्लं मोठ्या कुत्र्याचं तोंड चाटतात. लांडग्यांत आणि रानकुत्र्यांत तर पिल्लांनी असं चाटलं की मोठी जनावरं पोटातलं अन्न ओकून त्यांना भरवतात. आपल्या कुत्र्यात ती सवय स्वागताची म्हणून उरली आहे. आपलं तोंड पाच फुटांवर, म्हणून उडी. गुडघा मारून तिला एवढंच कळणार की घरी येणारं माणूस दुखवतं. शिवाय कारवानीच्या अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, बरगड्या दिसतात. त्या छातीवर गुडघा कसला मारायचा!

सगळ्यात आधी जुना मोबाइल कपाटावर ठेवून आम्ही नसतानाचं चित्रण केलं. हे प्रत्येकाने करावं. एकटं पडल्यावर कुत्रं येरझाऱ्या घालत असेल, लाळ गाळत असेल, दार कुरतडत असेल, तर तो एकटेपणाचा त्रास आहे आणि त्याचा उपाय वेगळा. तिथे पशुवैद्याला विचारायलाच हवं. हरणी मात्र बहुतेक वेळ झोपलेली दिसली. गल्लीच्या तोंडाशी आमची स्कूटर वळली की कान उभे, फाटकाची कडी वाजली की उठून दारात, आणि कुलपात किल्ली फिरेपर्यंत गोल गोल फेऱ्या. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झ एवढ्या उंच पट्टीपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५ पर्यंत. स्कूटरमधलं काय काय तिला ऐकू येत असेल देव जाणे! म्हणजे दार उघडायच्या आधीच तिचा पारा चढलेला असतो. आपण सुधारायला जातो तो शेवटचा क्षण.

म्हणून पहिलं काम आवाजांचं. घरात बसल्या बसल्या किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या. फाटकाची कडी वाजवून फाटकातच उभं राहायचं. स्कूटर सुरू करून बंद करायची. काहीच घडत नाही, कुणी येत नाही. किल्ल्यांकडे तिने लवकरच लक्ष देणं सोडलं. कडीला जास्त वेळ लागला, आणि स्कूटरला ती अजूनही कान देते. ते मी मान्य केलं आहे, कान देण्याने कुणाचा तोल जात नाही.

दुसरं काम छोट्या जाण्यायेण्याचं. स्वीडनमध्ये २०११ साली पाळीव कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात मालक अर्ध्या तासाने परतला त्यापेक्षा दोन तासांनी परतला तेव्हा स्वागत जास्त जोरदार झालं. आपला अनुभवही तोच. मग सराव संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कशाला करायचा? घंटागाडीत कचरा टाकून यायचं, समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायची, कोपऱ्यावरच्या मारुतीला जाऊन यायचं. तेवढ्यात तिचा पारा फारसा चढत नाही, आणि डोकं जागेवर असलेल्या कुत्र्यालाच काही शिकवता येतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर माझं मत या काही महिन्यांत पक्कं झालं. सगळीकडे सांगतात, घरात आल्यावर कुत्र्याकडे बघू नका, बोलू नका, पाठ फिरवा. उडीला दाद द्यायची नाही हे बरोबर. पण नुसतं दुर्लक्ष केलं की विझणाऱ्या दिव्याची ज्योत मोठी व्हावी तशी उडी आधी वाढते. बहुतेक घरं नेमकी तिथेच हरतात, कारण भडका उडाला की माणूस ओरडतं किंवा ढकलतं, आणि कुत्र्याला हवं ते लक्ष मिळून जातं. त्यातून ती शिकते की थोडी उडी पुरत नाही, जास्त मारावी लागते.

स्वीडनमधल्याच संशोधकांचं २०१४ सालचं बीगल कुत्र्यांवरचं काम मला यात फार मोलाचं वाटतं. ओळखीचं माणूस थोडा वेळ जाऊन परत यायचं. कधी शांतपणे बोलून हात फिरवायचं, कधी नुसतं बोलायचं, कधी काहीच दखल घ्यायचं नाही. माणूस परत आल्यावर ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीचं संप्रेरक, तिन्ही वेळा वाढलं, पण हात फिरवला तेव्हा ते टिकून राहिलं आणि ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल खाली आलं. म्हणजे भेट नाकारायची गरज नाही. भेटीची जागा बदलायची.

आमच्याकडे ती जागा म्हणजे हॉलच्या कडेची जुनी गोधडी. ‘जागेवर’ हा शब्द आधी दाराशी काही संबंध न ठेवता शिकवला, जेवणाआधी, टीव्ही बघताना. मग जाळीचं दार कामाला आलं. मी बाहेर, ती आत, मध्ये जाळी. चारही पाय जमिनीवर असले की कडी काढायची, पाय उचलले की कडी परत लावायची, तोंडाने एक अक्षर नाही. दार उघडलं की उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे गोधडीवर पसरून टाकायचे. तुकडे हातातून द्यायचे नाहीत, पसरायचेच. नाक खाली गेलं की पुढचे पाय खालीच राहतात, आणि हुंगत शोधता शोधता तिचा श्वास संथ होतो, हे डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर खाली बसून छातीवरून आणि कानामागून सावकाश हात फिरवायचा. डोक्यावर थोपटलं की ती पुन्हा पेटते, तेव्हा ते नाही. भाकरीचे तुकडे इथे चालले नाहीत. भाकरी तिला रोजच मिळते, तिचं तिला अप्रूप नाही.

‘कारवान पळते, शिकत नाही’ असं जे म्हणतात त्यांना एवढंच सांगते की लष्कराच्या मेरठच्या केंद्रात २०१६ साली मुधोळची, म्हणजे कारवानीच्याच जातकुळीतली, पिल्लं प्रशिक्षणासाठी घेतली होती. या कुत्र्यांना एकच गोष्ट शंभरदा करायचा कंटाळा येतो, हे खरं. म्हणून सराव थोडा थोडा, आणि तिला अजून करावंसं वाटत असतानाच थांबायचं. सकाळी मोकळं पळायला मिळालं असेल तर संध्याकाळचं दार निम्मं सोपं जातं.

सगळ्यात अवघड विषय अण्णा. त्यांना तिची उडी आवडायची. “जनावर माया करतंय, तिला कशाला अडवता?” असं म्हणून ते तिला जवळ घ्यायचे, काठीसकट. पाच जणांनी दाद दिली नाही आणि एकाने अधूनमधून दिली तर उडी आणखी चिवट होते. पण त्यांचा आनंद काढून घेणं मला मान्य नव्हतं. मी म्हटलं, “अण्णा, लाड हवे तेवढे करा, फक्त आधी खुर्चीत बसा.” व्हरांड्यात खुर्ची ठेवली. ते बसले की हरणीला सोडायची. पहिल्या आठवड्यात ती मांडीवर चढू बघायची, मग तिने मांडीवर डोकं टेकवायला सुरुवात केली. आता ते फाटकातून आले की ती आधीच खुर्चीपाशी जाऊन उभी असते. एवढ्या सगळ्या खटाटोपात हे मला सर्वात जास्त समाधान देऊन गेलं.

गणपतीत खरी परीक्षा होती. आरतीला येणारी माणसं, लहान मुलं, टाळ, झांजा. त्या दिवसांत तिला दारात आणलंच नाही. मागच्या खोलीत, चघळायला हाड, आणि गर्दी पांगल्यावर एकेका पाहुण्याला भेटवलं. नणंदेला बघून ती वाकली आणि थेंबभर शू झाली. तरुण कुत्र्यांत अतिउत्साहात किंवा नमतं घेताना हे होतं. त्यावर रागावलं तर वाढतं. फडकं मारलं, विषय संपला. नणंदेला मात्र वाकून न बघता बाजूला बसायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तसं झालं नाही.

सध्याची स्थिती अशी: माझ्यासाठी आणि नवऱ्यासाठी ती बहुतेक वेळा स्वतःहून गोधडीवर जाते. शेपटी सगळं अंग हलवत असते, कधी बारीक कुंई कुंई करते, पण पाय खाली. मुलगी पुण्याच्या हॉस्टेलवरून येते तेव्हा हरणी सगळं विसरते. महिन्याने दिसणाऱ्या माणसासाठी तिला वेगळा सराव लागेल. दिवाळीला लेक येणार, तेव्हा तिला फाटकातूनच फोन करायला सांगितलं आहे. मी हरणीला पट्टा लावून बाहेर नेणार, दोघींची भेट गल्लीत चालता चालता होईल आणि तिघी मिळूनच आत येऊ. मोकळ्या जागेत, चालताना उडीला जोर राहत नाही, असा माझा अंदाज आहे.

राहिली दारावरची बेल. फराळाची ताटं घेऊन शेजारपाजारचे येतील त्याआधी बेलचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून अगदी बारीक आवाजात ऐकवायला सुरुवात केली आहे, प्रत्येक वेळी गोधडीवर चिकनसकट. कुणी बेलवर काम केलं असेल तर आवाज किती हळूहळू वाढवला ते जरूर सांगा.