बुलेटचं हेड: व्हॉल्व्ह बाहेरून, गाइड अंबडचे

मंडळी, बहात्तर सालच्या बुलेटचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) अखेर मार्गी लागलं. दोन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारी इनलेटची झडप आणि धूर बाहेर सोडणारी एक्झॉस्टची, बाहेरगावाहून आले. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ते दोन्ही गाइड मात्र इथेच नाशिकला अंबड एमआयडीसीत लेथवर करून घेतले. माझं मत आधीच सांगून टाकतो: जुन्या कास्ट (बिडाच्या सिलिंडरच्या) इंजिनासाठी व्हॉल्व्ह विकत घ्यावा, गाइड करून घ्यावा.

रोग असा होता. चढावर गाडी ठीक. कसारा घाट थ्रॉटल बंद ठेवून उतरायचा आणि खाली आल्यावर मूठ पिळली की मागे निळा धूर. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतील तर धूर लोडवरही येतो. थ्रॉटल बंद असताना इनलेटच्या बाजूला जोरदार ओढ तयार होते आणि ढिल्या गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. हेड उतरवून इनलेट व्हॉल्व्ह जरासा उचलला आणि बोटाने हलवला, तर नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका डुलत होता. एक्झॉस्टचं दुखणं वेगळं. कडेला जळकी रेघ आणि सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो ते कडं) खड्डे. हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओतलं (हल्ली रॉकेल मिळणं मुश्कील, डिझेलही चालतं), तर एक्झॉस्ट पोर्ट लगेच ओला. इथे बुलेटवाल्यांनी घाई करू नये. डीकॉम्प्रेसरचं (किक मारताना दाब सोडणारी छोटी झडप) तोंडही एक्झॉस्ट पोर्टातच उघडतं, त्यामुळे टॉर्च मारून नक्की कोण गळतंय ते बघावं. माझ्याकडे दोघंही.

मग खरेदी. नाशिकच्याच द्वारका भागातल्या दुकानांत ठरलेलं उत्तर: ‘कास्ट इंजिन का? ऑर्डरवर येईल.’ आलेल्या पाकिटावर ‘३५० स्टँडर्ड’ छापलेलं, पण दोन पाकिटांतल्या व्हॉल्व्हच्या दांड्यांची जाडी एकसारखी नाही. १९५५ पासून मद्रासला जी बुलेट बनू लागली ती इंग्लंडमधल्या मूळ रेडिच कारखान्याच्या, म्हणजे इंचांच्या हिशोबाने. आजचा लोकल माल कुणी मिलिमीटरमध्ये गोळाबेरीज करून बनवतो, कुणी समोरचा नमुना बघून. म्हणून मायक्रोमीटर खिशात ठेवूनच पुण्याची नाना पेठ गाठली. काउंटरवरच्या काकांनी बराच वेळ बघून विचारलं, ‘दादा, घ्यायचाय की नुसता मोजायचाय?’ इनलेट तिथे मिळाला. एक्झॉस्ट दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरने मागवला, दांडीचा आणि डोक्याचा मोजलेला फोटो आल्यावरच पैसे पाठवले.

एक्झॉस्टला लोहचुंबक जरूर लावा. चांगला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुतेक वेळा २१-४एन या पोलादाचा असतो, म्हणजे साधारण २१ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल. त्याच्या डोक्याला चुंबक चिकटत नाही. दांडी वेगळ्या पोलादाची जोडलेली असेल तर तिथे चिकटेल, ते ठीक. डोक्यालाच खटकन चिकटला, तर तो इनलेटच्या धातूचा असण्याची शक्यता दाट. एक्झॉस्टची डोकी लालबुंद तापतात, तिथे काटकसर परवडत नाही.

स्प्रिंगसाठी फार उपकरणं लागत नाहीत. जुनी आणि नवी समोरासमोर ठेवून व्हाइसमध्ये एकदम दाबायच्या. जोर दोघींवर सारखाच येतो, मग जी जास्त दबते ती थकलेली. कॉटर (व्हॉल्व्हची दांडी स्प्रिंगला धरून ठेवणारी दोन अर्धुकं) बसवल्यावर दोन अर्धुकांमध्ये फट दिसलीच पाहिजे. दोन्ही एकमेकांना टेकले तर ते व्हॉल्व्हला पकडत नाहीत, नुसते बसलेत.

आता गाइड. जुना ठोकून काढताना हेडमधलं भोक थोडं तरी मोठं होतं, आणि पन्नास वर्षांत हे काम आधी कुणी किती वेळा केलं ते देव जाणे. बाजारचा तयार गाइड त्या भोकात कधी सैल, कधी इतका घट्ट की हेडचं अ‍ॅल्युमिनियम खरवडत जातो. टर्नर काकांनी बोअर गेजने दोन्ही भोकं तीन-तीन ठिकाणी मोजली. एक्झॉस्टचं भोक खालच्या बाजूला जरा अंडाकृती होतं, ते आधी सरळ करून घेतलं. मग बिडाच्या सळईतून गाइड काढला, बाहेरून भोकापेक्षा दीड थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड. फॉस्फर ब्रॉन्झ घ्या असंही कुणी सुचवलं. ते बिडापेक्षा जास्त फुगतं, आणि बिडातलं ग्राफाइट स्वतःच थोडं वंगण देतं. माझ्या चालीच्या गाडीला बीड पुरे.

बसवायला शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याची भट्टी कामाला आली, ती तशीही १८०-२०० अंशांवर चालू असते. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. १५ मिलिमीटरचं भोक १८० अंशांना साधारण दोन थाऊ मोठं होतं, त्यामुळे थंड गाइड हलक्या ठोक्यांवर आत गेला. हेड निवल्यावरच रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) मारायचा, कारण हेड आवळलं की गाइडचं आतलं भोकही बारीक होतं. दांडी आणि गाइडमध्ये इनलेटला दीड थाऊ सूट ठेवली, एक्झॉस्टला अडीच, कारण तो जास्त तापतो.

नव्या गाइडनंतर सीट कापणं चुकत नाही. कटरचा पायलट (त्याला सरळ धरणारी दांडी) गाइडमध्येच बसतो, त्यामुळे सीटचं केंद्र आता नव्या गाइडशी जुळतं. ४५ अंशांचा काप, मग पेस्ट लावून हाताने हलकं घासणं. एक्झॉस्ट सीट आधीच बरीच खोल गेली होती. व्हॉल्व्ह खोल बसला की दांडी वर येते आणि स्प्रिंग ढिली पडते, म्हणून स्प्रिंगखाली वॉशर घालून उंची परत आणली.

‘त्यापेक्षा नंतरच्या मॉडेलचं अख्खं इंजिन टाक’ असं दोघांनी सुचवलं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणीची सोय केली आहे, पण इंजिनासकट गाडी मूळ रूपात हवी. सोय नसती तरी मी बदललं नसतं म्हणा.

डीकॉम्प्रेसर घासून बसला, त्याची गळती थांबली. अडलंय ते रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणारा हात) ब्लॉकपाशी. त्याचे दोन भाग एकत्र बोअर केलेले असतात, एकाचं वरचं आणि दुसऱ्याचं खालचं असं जमत नाही. माझ्या एक्झॉस्टच्या ब्लॉकला चर पडलाय. कुणाकडे मूळ जोडी पडून असेल तर नुसता फोटो नको, आतल्या भोकाचं माप पाठवा.