रिबेका नर्सच्या शेतावर

माझी सून मॅसॅच्युसेट्सची. तिच्या माहेरच्या वंशावळीत सगळ्यात वर एक नाव आहे : रिबेका नर्स. १६९२ साली सेलममध्ये चेटकीण ठरवून फाशी दिलेली, एकाहत्तर वर्षांची आजी. या उन्हाळ्यात आम्ही दोघी तिच्या शोधात निघालो.

सुरुवात बॉस्टनच्या न्यूबरी स्ट्रीटवरून. तिथे १८४५ साली स्थापन झालेल्या संस्थेचं वंशावळींचं ग्रंथालय आहे. पुरुषांच्या पिढ्या भराभर सापडतात. बायकांचा माग मात्र लग्नापाशी तुटतो. रिबेकाची मुलगी मेरी टार्बेलांकडे गेली, तिच्या पुढच्या लेकी आणखी कुणाकडे. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांच्या वहीत तरी वेगळं काय आहे? सासऱ्यांचे आजे-पणजे सगळे आहेत, सासूबाईंचं माहेर कुठेच नाही.

रिबेका इतकी नीट सापडते ती खटल्यामुळे. तिचं स्वतःचं म्हणणं कागदावर उतरलं ते कोर्टात, याचं मला फार वाईट वाटलं.

ज्युरीने तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. आरोपी मुलींनी... नव्हे, आरोप करणाऱ्या मुलींनी एकच आकांत केला आणि न्यायाधीशांनी ज्युरीला फेरविचार करायला लावला. दुसरी एक कैदी साक्षीला आली तेव्हा रिबेका म्हणाली होती, 'ही तर आमच्यातलीच.' तिला म्हणायचं होतं, आमच्यासारखीच कैदी. ऐकणाऱ्यांनी अर्थ घेतला, आमच्यासारखीच चेटकीण. ज्युरीने खुलासा विचारला, तर ती गप्प राहिली. नंतरच्या अर्जात तिने कारण दिलंय : मला ऐकू कमी येतं, आणि मी दुःखात बुडाले होते. सुनेने ते मोठ्याने वाचलं आणि पुढचं वाचेना.

दुसऱ्या दिवशी डॅन्व्हर्स. हेच तेव्हाचं सेलम व्हिलेज. नर्स कुटुंबाचं गडद लाकडी घर अजून उभं आहे. मागच्या बाजूने छप्पर पार खाली उतरलेलं. भोवती सत्तावीस एकर जमीन उरली आहे. १९ जुलैच्या फाशीनंतर मुलांनी रात्री गुपचूप तिचा देह इथे आणून पुरला, असं घराण्यात सांगतात. नेमकी जागा कुणालाच माहीत नाही. वंशजांनी १८८५ मध्ये इथल्या दफनभूमीत ग्रॅनाइटचा स्तंभ उभारला.

मी जास्त वेळ रेंगाळले ते शेजारच्या १८९२ च्या दगडापाशी. तिच्या बाजूने अर्जावर सह्या करणाऱ्या चाळीसएक शेजाऱ्यांचा तो दगड. आरोप करणाऱ्यांत पुटनम घराणं पुढे होतं, आणि सह्या करणाऱ्यांतही पुटनम आहेत. जोनाथन पुटनमने तर मार्चमध्ये तिच्याविरुद्ध तक्रार नोंदवली होती. पुढे त्याच माणसाने तिच्यासाठी सही केली. त्या दिवसांत अशी सही करायला छाती लागत होती.

चर्चने तिला बहिष्कृत केलं होतं. तो ठराव १७१२ मध्ये रद्द झाला. तिची बहीण मेरी ईस्टी हिलाही १६९२ च्याच सप्टेंबरात फाशी झाली. ती टॉप्सफील्डला राहायची, म्हणून आता तिथे जायचंय. सुनेने तिथल्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी वाचायला घेतल्याही आहेत.