सशाऐवजी चिंधी: कारवानीची पारध पुण्यात कशी जमवली

कारवानी कुत्रा घडला तोच शिकारीसाठी. लातूरकडे पिढ्यान्‌पिढ्या सशामागे धावलेली ही जात, नाकापेक्षा डोळ्यांवर चालणारी. आमची हरणी तिकडूनच आणली. निघताना तिथल्या मामांनी एवढंच बजावलं, "ताई, हिला दररोज एकदा जीव तोडून पळू द्या बघा. मग घरात हिचा त्रास नाही."

आंबेगावातल्या फ्लॅटमध्ये राहून हे करायचं कसं? शिकार तर नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मारण्या-पकडण्यासाठी प्राण्याला हाकणंसुद्धा शिकारच मानलं आहे आणि ससाही त्यातून सुटत नाही. वेताळ टेकडीवर मोकळं सोडावं तर पहिली गाठ मोराशी. सासवड-जेजुरीकडची माळरानं ओसाड वाटतात, पण तिथे लांडगे आणि खोकड राहतात, आणि गावातल्या कुत्र्यांकडून त्यांना डिस्टेंपरसारखे रोग लागतात. तिथे कुत्रं सोडणं मला पटत नाही. म्हणून तिची पारध आपणच रचायची ठरवलं.

रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना ही कामं लवकर उरकली. शिकवणीला वेळ लागला. सुरुवात साधी होती: बांबूची काठी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला चिंधी. चिंधी जमिनीवरून सरकली की हरणीचं अंग ताणलं जायचं. पण "थांब" म्हटल्यावर थांबली तरच "जा" मिळायचं. चिंधी पकडल्यावर "सोड" म्हटलं की उकडलेल्या मटणाचा तुकडा, आणि लगेच पुन्हा पाठलाग. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा. सोडलं तर खेळ संपतो असं कुत्र्याला वाटलं, तर ते कशाला सोडेल?

बोलावलं की परत येणं सगळ्यात अवघड. डोळ्यांवर शिकार करणारं कुत्रं एकदा सुटलं की त्याला हाक ऐकूच येत नाही, असं अनेकांनी सांगितलं होतं. आम्ही शिट्टी वापरली. आधी घरात, मग जिन्यात, मग कुंपण घातलेल्या मोकळ्या प्लॉटवर लांब दोरीला बांधून. दोरी गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही, छातीवरच्या हार्नेसला. हे कुत्रं काही पावलांतच पूर्ण वेग घेतं, तेव्हा मानेला बसणारा हिसका वाईट. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत मोठी धाव टाळली. पळण्याआधी थोडं चालवणं आणि भरल्या पोटी अजिबात न पळवणं हे नियम आजही पाळते, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. उन्हाळ्यात पळणं फक्त उजाडताना.

पुढे खेड-शिवापूरकडच्या एका ओळखीच्या कुंपणबंद शेतात मोटरवर दोर गुंडाळून चिंधी वळणावळणाने पळवायला लागलो. हरणी वळण आधीच हेरून आडवी कापते, तेव्हा जुन्या पारध्यांना कुत्र्याची सोबत का हवी असायची ते समजतं. माणसाला गवतातली हालचाल दिसेपर्यंत ससा निघून गेलेला असतो. कुत्र्याला ती आधी दिसते, आणि पाय तर त्याचेच. माणसाचं काम कुठे जायचं आणि कधी थांबायचं हे ठरवणं. ही वाटणी आम्हालाही लागू पडली.

घरातला फरक लगेच दिसला. सोफ्याची उशी फाडणं थांबलं, संध्याकाळी दारापाशी येरझाऱ्या थांबल्या. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते टेकडीवरचं फिरणं. तळजाईवर आता ती दोरीत असते, आणि मान ताठ करून थबकली की मीही तिच्या नजरेच्या रेषेत बघते. झुडपामागे तित्तिर असतात, कधी मुंगूस. इतकी वर्षं त्याच वाटेवरून चालत होते, पण यातलं फारसं काही पाहिलं नव्हतं. "थांब" म्हटलं की ती थांबते, अंगभर थरथरते, पण थांबते. मग खिशातली चिंधी काढून तिला थोडा वेळ ओढाओढी देते. समोरचा प्राणी सोडला तर आपल्याकडे काहीतरी मिळतं, हे तिला दर वेळी कळलं पाहिजे.

पावसाळ्यात शेत चिखलाचं होतं, तेव्हा धाव बंद ठेवावी लागते. घसरून स्नायू दुखावतात. त्या दिवसांत घरातच टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून नाकाचं काम देते आहे. डोळ्यांची जात असली तरी नाक कुत्र्याचंच, आणि अशा शोधाने ती चांगली दमते.