भिजलेली हळद कुणाची?

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचं प्रकरण. दिल्लीला ५० किलोची २०० पोती गेली. वाटेत ताडपत्री फाटली, पावसात ३४ पोती भिजली आणि खरेदीदाराने तेवढे पैसे अडवले. व्यापारी निर्धास्त होता. बिलाच्या तळाशी छापलेलंच होतं: ‘माल गोडाऊनबाहेर पडल्यावर आमची जबाबदारी नाही.’

मी बिल बाजूला ठेवून आधीचे कागद तारखेने लावले. व्यापाऱ्याच्या कोटेशनमध्ये भाव ‘एक्स-गोडाऊन सांगली’, म्हणजे गोडाऊनच्या दारातला, पुढचं भाडं खरेदीदाराचं. त्यावर खरेदीदाराकडून आलेल्या पीओत (परचेस ऑर्डर, म्हणजे लेखी मागणीत) भाडं धरून वाढवलेला भाव, ‘एफओआर दिल्ली, पोचेपर्यंत जोखीम विक्रेत्याची, बिल्टी टू-पे असल्यास भाडं बिलातून वजा’. एफओआर म्हणजे दिल्लीपर्यंतचं भाडं भावातच; बिल्टी ही ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती, आणि टू-पे म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने पोचल्यावर भरायचं. करार कायदा, १८७२च्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती विनाशर्त लागते. अटी बदलल्या, म्हणजे पीओ हा नवा प्रस्ताव झाला. व्यापाऱ्याने त्याला उत्तर दिलं नाही, सरळ गाडी भरली. कलम ८ प्रमाणे हीसुद्धा स्वीकृतीच. करार तिथेच, पीओच्या अटींवर ठरला. नंतर निघालेल्या बिलावरच्या छापील ओळीने तो बदलत नाही.

बिल्टी टू-पे आहे, भाडं दिल्लीवाल्याने भरलं, मग माल त्याचाच, असं व्यापाऱ्याचं म्हणणं. हा गैरसमज बाजारात फार आहे. भाडं ड्रायव्हरच्या हातात कुणी ठेवलं यावरून जोखीम ठरत नाही. शिवाय त्याच बिलात एकूण रकमेखाली ‘भाडं वजा’ अशी ओळ होती. पीओ मान्य केल्याचा याहून चांगला पुरावा खरेदीदारालाही सापडला नसता.

मालविक्री कायदा, १९३० खरं तर विक्रेत्याला बराच सांभाळतो. कलम ३९ प्रमाणे ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात दिलेला माल सकृद्दर्शनी खरेदीदाराला पोचला असं धरतात. कलम २६ प्रमाणे मालकीबरोबर जोखीमही जाते. पण पक्षांनी वेगळं ठरवलं असेल तर तेच चालतं. पीओ आल्यावर ‘भाव व जोखीम कोटेशनप्रमाणेच’ एवढा एक ईमेल टाकून होकार येईपर्यंत गाडी थांबवली असती, तर हे संरक्षण मिळालं असतं.

नुकसान आपलं नाही या समजुतीत त्याने विमा कंपनीलाही कळवलं नव्हतं, हे मला जास्त लागलं. ट्रान्झिट पॉलिसी चालू होती, पण सर्व्हेअरला ओली पोती जागेवर बघायला मिळायला हवीत. सुदैवाने खरेदीदाराने ती वेगळी ठेवली होती आणि बिल्टीच्या पोचपावतीवर ‘३४ पोती ओली’ असा शेरा ड्रायव्हरच्या सहीने घेतला होता. तो शेरा जोडून ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस धाडली. रस्ते वाहतूक कायदा, २००७ प्रमाणे ती बुकिंगपासून १८० दिवसांत बजावली गेली नाही, तर त्याच्यावर दावाच लावता येत नाही.