कुला म्हणजे वाघ

दिवाळी झाली की आमच्या गावाबाहेरच्या ईटभट्टीवर मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू आदिवासी कुटुंबं येतात, मग शाळा सुटली की मी वही घेऊन भट्टीवर जाते. यंदा शाळेच्या वयाची 11 पोरं सापडली. शिक्षण हमी कार्ड, म्हणजे कामासाठी गाव सोडणाऱ्या पोराला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून त्याची शाळा देते ते, फक्त एकाजवळ, तेही घडीवर फाटलेलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 स्पष्ट सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, पण सरकारच्या विद्यार्थी पोर्टलवर पोरगं तिकडच्याच शाळेत दिसत राहतं, नाव इकडं घ्यायची रिक्वेस्ट टाकली तर ती पडून राहते, आणि तोवर त्याचं नाव माझ्या वहीच्या मागच्या पानावर. खिचडीच्या हिशोबात याला कुठं धरायचं हे मला दरवर्षी कोणीतरी विचारतं, आणि पोर तिथंच ताट घेऊन बसलेलं असतं.

कार्डवाला पोरगा तिसरीतला. दीड महिना एक शब्द बोलला नाही. आमच्या शाळेतले एक सर म्हणत, "बोलीच आहे ना मॅडम, येते हळूहळू." शिकलेल्या माणसांनाही वाटतं कोरकू म्हणजे मराठीचीच कुठली तरी रानातली बोली. ती मुंडा कुळातली भाषा आहे, तिची भावंडं संथाली आणि मुंडारी, पार झारखंडकडे. पाण्याला डा म्हणतात. त्या पोराला आमच्या वर्गात तहान लागली तर मागायचं कशात?

म्हणून मी त्याच्या आजीची गोष्ट रेकॉर्ड करायची ठरवली. मायबाप पहाटेपासून साच्यावर असतात, आजी झोपडीशी धाकटीला सांभाळते. पहिल्या दोन रेकॉर्डिंगमध्ये नुसता पाण्याच्या मोटरचा आवाज आला. तिसऱ्या वेळी मोटर बंद व्हायची वाट पाहिली, मोबाईल ओढणीत गुंडाळून आजीच्या गुडघ्यावर ठेवला, तेव्हा कुठं चार मिनिटं स्वच्छ मिळाली, मधे एक बकरी ओरडते तेवढी सोडली तर. वाघाची आणि म्हाताऱ्याची गोष्ट. बापानं रात्री एकेक ओळ थांबवून हिंदीत सांगितली, मी मराठीत लिहिली. चित्रं पोरानंच कोळशानं काढली, सहा, मी ती उन्हात धरून फोटो काढले, ॲपवर आवाजाखाली बसवली, वरच्या ओळीत कोरकू, खालच्या ओळीत मराठी. चार रात्री गेल्या. मला त्या व्हिडिओचा खूप अभिमान होता, अजूनही आहे.

शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गातल्या टीव्हीवर लावला. आजीचा आवाज आला, दुसऱ्याच वाक्यात "कुला". आणि अख्खा वर्ग फुटला.

कोरकूत कुला म्हणजे वाघ. आमच्या पोट्ट्यांसाठी कुला म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. चार रात्री मी तोच शब्द ऐकत होते, टाईप करत होते आणि माझ्या हे ध्यानातच आलं नाही, कारण माझ्या डोक्यात तोवर तो वाघच झाला होता. दारात उभे असलेले सरही हसले. पोरांचं मी समजू शकते, सरांचं नाही. मेळघाट म्हणजे देशातल्या पहिल्या 9 व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि तिथल्या माणसाच्या तोंडातल्या वाघावर आपण असे हसतो. मी बंद करेपर्यंत तो शब्द आणखी दोनदा आला. पोरगा सतरंजीचा दोरा ओढत बसला होता, वर पाहिलंच नाही.

चार दिवस आला नाही. मी गेले, आजीला सगळं सांगितलं, बापानं तिला समजावलं. ती रागावली नाही, मोबाईल मागितला. भट्टीवरची सगळी पोरं गोळा झाली, पाचदा पाहिलं, हसली ती फक्त बकरीला. तिथं उभं राहून मला कळलं की मी एकट्या पोराला चाळीस जणांसमोर उभं केलं, वर्गाच्या हातात आधी एक शब्दही न देता. मग आठवडाभर फळ्यावर रोज एक कोरकू शब्द, सगळ्यांनी म्हणायचा. तो परत आला. एका पोरीनं पाण्याची बाटली पुढं करून त्याला "डा?" विचारलं, त्यानं घेतली. सर म्हणाले, "जमलं की मॅडम."

पण होळीच्या चार दिवस आधी तो माझ्या टेबलाशी आला आणि मराठीत म्हणाला, अडखळत का होईना पण पूर्ण वाक्य, "मॅडम, आजी वाघ म्हनते असं करून द्या ना."

चार मिनिटांत कुला 9 वेळा येतो. ॲपमध्ये 9 जागा कापून तिथं त्याच्याच आवाजात वाघ बसवणं अर्ध्या तासाचं काम. मी केलं नाही. आजीचा शब्द आहे, तो मी कापणार नाही, असं मी त्याला सांगितलं, त्याच्या उंचीला वाकून, समजावून. त्यानं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला. त्याचं पहिलं मराठी वाक्य एक मागणं होतं आणि मी नाही म्हटलं. माझं बरोबर होतं असं रोज वाटतं, आणि रोज त्याची ती हललेली मान पण दिसते.

होळीला सगळे मेळघाटात गेले, कोरकू माणूस फगव्याला घरी असतोच. जाताना बापानं व्हिडिओ ब्लूटूथनं घेतला, कुलासकट. काही कुटुंबं होळीनंतर भट्टीवर परत आली. त्याचं अजून नाही.