तुम्ही विचारलंत म्हणून: वेगळी चूल कशाला?

मी अमेरिकेत इथाकाला, कॉर्नेल विद्यापीठात शिकलो हे कळून गप्पांत तिथे निघालेल्या अल्फा फाय अल्फा या फ्रॅटर्निटीचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाचा, विषय निघाला, की प्रश्न ठरलेला. कृष्णवर्णीय मुलांना स्वतःची फ्रॅटर्निटी काढायची काय गरज होती? वेगळी चूल मांडून भेद वाढतोच ना? शाहू महाराजांच्या जातवार बोर्डिंगांबद्दल भरभरून बोलणारेही हेच विचारतात!

अहो, आधीच्या चुलीवर यांचं ताट होतं कुठे? कॉर्नेलमध्ये प्रवेश मिळायचा. गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीत मात्र शिरकाव मिळे तो वाढपी म्हणून. १९०४-०५ मधले सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परतलेच नाहीत. राहिलेल्यांना एकमेकांचाच आधार होता.

पण खरा तंटा घरातलाच होता आणि तो कुणी विचारत नाही. चार्ल्स पॉइंडेक्स्टर हा त्यांच्यातला पदवीनंतरचं शिकणारा. या मुलांना एकत्र आणलं त्याने, मंडळाचा अध्यक्षही तोच. त्याला ते साहित्य-चर्चेचं मंडळच राहायला हवं होतं. हेन्री कॅलिस आणि इतरांना हवी होती फ्रॅटर्निटी: ग्रीक नाव, दीक्षाविधी, शपथ, सगळं. १९०६ च्या हिवाळ्यात वाद टोकाला गेला. ४ डिसेंबर हा आज स्थापनादिन. पॉइंडेक्स्टर बाहेर पडला. संस्थापक म्हणून सात ‘रत्नं’ मोजतात, त्यांत तो नाही. बरं, ही यादी तरी दगडावरची रेघ होती का? १९५२ मध्ये जेम्स मॉर्टनचं नाव काढून युजीन किंकल जोन्सचं घातलंच की.

पूर्वी मी तावातावाने पॉइंडेक्स्टरची बाजू घ्यायचो. ज्यांनी दाराबाहेर ठेवलं, त्यांचीच अक्षरं आणि त्यांचेच गुप्त विधी कशाला उचलायचे? आता त्या जुन्या मला विचारतो: निव्वळ चर्चामंडळ इथाकाबाहेर गेलं असतं? फ्रॅटर्निटीची दुसरी शाखा १९०७ सालीच वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात निघाली. यावर तो लगेच विचारतो, पसरलं म्हणजे बरोबर ठरलं का? आणि मी गप्प बसतो.

राहता राहिली भेदाची गोष्ट. १९४० च्या दशकात या फ्रॅटर्निटीने सभासदत्वाची वर्णाची अट काढून टाकली. हे सांगितलं की विचारणारे विषय बदलतात. अल्फावाल्यांपुढे मी पॉइंडेक्स्टरचं नाव काढतो, तेव्हा ते सरळ म्हणतात, ‘सोडून गेला तो संस्थापक कसा?’ सुरुवात कुणी केली, एवढंच मी पुन्हा विचारतो. त्यांना ते पटत नाही.