चालवणार कोण, पेट्रोल भरणार कोण

बिघडलेल्या सॉचा पिस्टन दाखवला की गिऱ्हाईक बहुतेक वेळा गप्प होतं. त्या दिवशीचं गिऱ्हाईक मात्र भांडायला उठलं.

मी चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायच्या साखळी-करवती, दुरुस्त करतो. मालक पुढे विक्री बघतात, माझं टेबल मागे. त्या दिवशी त्यांनी मला पुढे बोलावलं. काउंटरवर ३८ सीसीचा एक सॉ होता, सुरू करायची दोरी तसूभरही हलत नव्हती. शेजारी साठीचे एक गृहस्थ आणि त्यांची पुतणी. काकांनी निकाल आधीच लावून ठेवला होता. "मशीनच लहान, ताण सहन झाला नाही त्याला. आता सत्तर सीसीचा द्या, वीस इंची बारचा." (बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी.)

मी सायलेन्सर खोलला. तो काढला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची एक बाजू दिसते. ती गुळगुळीत असायला हवी. इथे वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, घासून सुटलेलं ॲल्युमिनियम रिंगवर थापलेलं, आणि तेलाचा ओशटपणा नावालाही नाही.

"काका, पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं नाहीये."

"दर वेळी घालतो!" ते तडकले आणि पुढचं झाकण फिरवून टाकी माझ्या नाकासमोर धरली. खरंच, टाकी काठोकाठ भरलेली होती. फक्त ती चेनच्या तेलाची होती.

टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलबरोबर जे तेल आत जातं, तेवढंच बेअरिंग आणि पिस्टनच्या वाट्याला येतं. ५०:१ चं प्रमाण म्हणजे लिटरमागे २० मिली टू-स्ट्रोक तेल. दुसऱ्या टाकीतलं तेल बारच्या खाचेत जातं, चेनवरून उडून जातं. इंजिनाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी हे सांगितलं तरी काकांचा पारा उतरेना. पुतणी मात्र म्हणाली, "मिसळून ठेवते मी. पण घरात ज्याच्या हाताला जो कॅन लागेल तो उचलतो."

मला वाटतं, त्या एका वाक्यात अर्धी निवड होऊन गेली होती. सॉ घेताना लोक लाकडाबद्दल बोलतात, सीसीबद्दल बोलतात. त्यात पेट्रोल कोण भरणार, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी आधी बॅटरीवरचा ३६ व्होल्टचा सॉ पुढे केला. बटण दाबलं की चालू. धूर नाही, मिश्रण नाही, त्यामुळे मिश्रणातली चूकही नाही. चेनचं तेल तेवढं घालावं लागतं. काकांनी त्याच्याकडे खेळणं बघावं तसं बघितलं. पुतणीने नेमका प्रश्न विचारला, "आम्ही दोन-दोन दिवस सलग कापतो, लाकडाच्या ढिगापाशी वीज नाही. पुरेल?" नाही पुरणार. जादा बॅटऱ्या घ्यायच्या तर त्यांची किंमतच सॉच्या बरोबरीला जाते. अंगणातल्या फांद्यांसाठी मी हाच घ्या म्हणालो असतो, पण इथे तो विषय संपला.

मग ओंडके किती जाड, ते विचारलं. काकांनी दोन्ही हात फैलावले. पुतणीने मोबाईलवर फोटो दाखवला, ढिगावर मोजपट्टी ठेवून काढलेला. बहुतेक लाकूड आठ-दहा इंचांचं, तळाशी दोन-तीन बुंधे वीसच्या आसपास. याला सोळा इंची बार भरपूर झाला. जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापायचा. ढिगात लांब बार मला मुळीच आवडत नाही. तुम्ही समोरचा ओंडका कापत असता आणि बारचं टोक पलीकडे, न दिसणाऱ्या लाकडाला टेकलेलं असतं. टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की सॉ उलटा तोंडाकडे उसळतो, आणि डोळ्याची पापणी लवण्याआधी सगळं घडून गेलेलं असतं. सॉ उसळताच चेन थांबवणारा चेन ब्रेक आहे म्हणून धीटपणा करणारे लोक मी बघितलेत. ब्रेक हवाच, पण तो दुसरा बचाव. पहिला म्हणजे टोक कुठे आहे ते ठाऊक असणं.

"पण ताकद?" काका हटत नव्हते.

सत्तर सीसीचं मशीन बार-चेनशिवाय, रिकामंच सहा किलोच्या आसपास भरतं. वीस इंची बार, चेन, दोन्ही टाक्या भरल्या की आठाच्या पुढे. मी ते तसं भरून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, कापताना वाकतो तसे वाका, गुडघ्याच्या उंचीवर धरा. मग मी सावकाश बोलत राहिलो. थोड्याच वेळात त्यांनी वजन एका हातावरून दुसऱ्यावर घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात पुतणी म्हणाली, "चालवते मीच. काका फोडतात आणि रचतात." हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं! मालक माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होते. मोठं मशीन हातचं जाताना त्यांना दिसत होतं.

मागच्या बाजूला आमचा चाचणीचा ओंडका असतो. तिथे मी जरा लबाडी केली. दुरुस्तीला आलेला साठ सीसीचा सॉ होता, चेन बोथट, कुणीतरी मातीत घातलेली. तो आधी काकांना दिला. आवाज प्रचंड, धूर, पीठासारखा बारीक भुसा, आणि काप डावीकडे वळत चाललेला. मग पंचेचाळीस सीसीचा, मी सकाळी कानस मारलेला. पुतणीने फक्त त्याचं वजन टेकवलं, जोर दिलाच नाही. जाड ढलप्या उडाल्या आणि तो सरळ खाली उतरला. काका वाकून ढलप्या हातात घेऊन बघत राहिले.

इथे मला थांबवत नाही, क्षमा असावी. चेनचे दात एकाआड एक डावे-उजवे असतात, आणि प्रत्येक दात लाकूड रंधा मारल्यासारखं उचलून काढतो. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी बघितली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे असे आलटून पालटून चालत होते. त्यावरून त्याने अशी चेन बनवली. आजही बहुतेक चेन त्याच वळणाच्या. त्यामुळे दोन्ही बाजूंचे दात सारख्या लांबीचे राहिले नाहीत, की काप वाकडा जातो. त्या साठ सीसीच्या सॉचं तेच झालं होतं. इंजिन दुप्पट करूनही ते सरळ होत नाही.

शेवटी पंचेचाळीस सीसी, सोळा इंची बार ठरला. त्याच वजनाच्या आगेमागे मॅग्नेशियमच्या क्रँककेसचं (इंजिनाच्या खालच्या कवचाचं), स्प्रिंगवर हँडल बसवलेलं व्यावसायिक मॉडेलही होतं. माझं मत त्याच्याकडे होतं, कारण दिवसभर कापणाऱ्याच्या बोटांना थरथर कमी लागते आणि पुढे उघडून जोडता येतं. मालकांनाही ते पटलं, त्यांच्या कारणाने. पुतणीने दोन्ही चालू करून हातात धरून बघितले आणि स्प्रिंगवालाच घेतला.

कानस मारायला शिकवण्यात अर्धा तास गेला. त्या .३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, कोन तीस अंश, घासायची फक्त पुढे, परत आणताना उचलायची. एका बाजूच्या दाताला जितके हात, तितकेच दुसऱ्या बाजूच्या दाताला. तिचा हात बरा होता. पेट्रोलच्या कॅनवर तिने तिथेच जाड मार्करने लिहिलं: 'तेल घातलंय, सॉचं'. मिश्रण महिन्याभरात संपवा, फार दिवस ठेवू नका, एवढं मी सांगितलं. चेनच्या तेलाला तिने वेगळ्या रंगाचा कॅन मागितला.

बिल करताना कापापासून वाचवणाऱ्या पँटवरून वाद झाला. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, अडकतात आणि चेन थांबते. काका म्हणाले, इतकी वर्षं साध्या पँटवर कापलं, काय झालं? कानावर लावायचं संरक्षण तेवढं त्यांनी मान्य केलं, तेही आवाजाचा त्रास त्यांना स्वतःला होतो म्हणून. पुतणीने वाद घातला नाही. तिने पँटचं माप विचारलं, स्वतःच्या पाकिटातून पैसे काढले आणि मालकांना सांगितलं, "याचं बिल वेगळं करा."